महामार्गाच्या कुठल्या टप्प्याला किती वेगमर्यादा? आकडा ठरवायचा कसा?

मैलदगड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, थोडं लांबेल.

आमच्या भागातून जाणाऱ्या चौपदरी महामार्गाच्या ४२ किलोमीटरच्या पट्ट्याची वेगमर्यादा नव्याने ठरणार आहे. त्यासाठी हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. मी रस्त्यांच्या मोजणीच्या कामात आहे, त्यामुळे चार लोक मला विचारतात की काय लिहून द्यायचं. मला सगळ्यांच्या वतीने नीट काहीतरी लिहून द्यायचं आहे.

आज या ४२ किलोमीटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ८०ची पाटी आहे. पण रस्ता सगळीकडे सारखा नाही. सुरुवातीचा मोठा भाग सरळ आणि सपाट आहे. दुभाजक सलग आहे, दोन्ही बाजूंना क्रॅश बॅरियर आहेत. मग सहा किलोमीटरचा घाटाचा उतार. उतार संपला की लगेच वस्तीचा पाच-सहा किलोमीटरचा भाग, जिथे दुभाजक ठिकठिकाणी फोडलेला आहे आणि माणसं पायी रस्ता ओलांडतात. पुढे पुन्हा मोकळा रस्ता. या चारही तुकड्यांना एकच आकडा. शिवाय एका वळणावर जुन्या दुरुस्तीच्या वेळी लावलेली ४०ची पाटी काम संपून वर्षं झाली तरी उभीच आहे.

मध्यंतरी तीन दिवस स्पीडगन घेऊन बसलो होतो. गाडी झाडाआड लावायची, कारण गन दिसली की लोकांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि आकडे खोटे पडतात. येणारी प्रत्येक गाडी मोजायची नसते. पुढच्या गाडीपासून किमान पाच सेकंद मागे असलेलीच घ्यायची, नाहीतर आपण त्या ड्रायव्हरचा वेग मोजत नसतो, त्याच्या पुढच्या ट्रकचा मोजत असतो. पाऊस असेल तर वही मिटून घरी यायचं. सरळ भागात १०० गाड्या वेगानुसार ओळीने लावल्या तर ८५व्या नंबरची गाडी शंभराच्या आसपास निघते. जुन्या ४०च्या पाटीपाशी मात्र ४०ने जाणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. जे होते ते भरलेले डंपर, आणि ते पाटीमुळे हळू नव्हते.

तर प्रश्न असा: टप्प्याची मर्यादा लोक ज्या वेगाने जातात त्यावरून ठरवावी, की रस्ता ज्या वेगाला झेपतो त्यावरून? दोन्ही बाजूंची बाजू घेणारे इथे आहेत हे मला माहीत आहे, म्हणून इथेच विचारतो.

सहावा_गिअर

महत्त्वाचा धागा. मी आठवड्यातून चार दिवस महामार्गावर असतो, आणि माझं मत स्पष्ट आहे. सरळ भागावर १०० करा.

कारण सांगतो. बहुतेक लोक वेडे नसतात. समोर रस्ता मोकळा दिसला, दुभाजक आहे, डांबर चांगलं आहे, तर माणूस ९०-१०० ला जातो आणि सुखरूप पोचतो. तुम्हीच म्हणता की शंभरातल्या ८५ गाड्या शंभराच्या आत आहेत. मग ८०ची पाटी लावून त्यातल्या अर्ध्यांना गुन्हेगार ठरवण्यात काय हशील? त्या ४०च्या पाटीने तेच केलंय. लोकांनी एकदा खोटी पाटी बघितली की पुढची खरी पाटीही ते मानत नाहीत.

दुसरं, माझ्या वाचनात आहे की १९६४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांनी अभ्यास केला होता. सरासरीपेक्षा फार हळू आणि फार जोरात जाणारे, दोघेही अपघातात जास्त सापडतात, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे धोका वेगातल्या फरकाचा आहे. सगळे एका वेगाने गेले तर १०० काय आणि ८० काय.

गणितमास्तर

@सहावा_गिअर, तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे, पण "१०० काय आणि ८० काय" यावर थोडं थांबू या. मी वर्गात मुलांना हे फळ्यावर करून दाखवतो.

समोर अडथळा दिसला की पाय ब्रेकवर जाऊन ब्रेक लागेपर्यंत रस्ते आखणारे अडीच सेकंद धरतात. हा वेळ सावध, दमलेल्या, तरुण, म्हाताऱ्या सगळ्यांना पुरावा म्हणून थोडा सढळ घेतलेला असतो. त्यानंतर ओल्या रस्त्यावरही साधेल असा ब्रेक धरतात, दर सेकंदाला वेग सेकंदाला ३.४ मीटरने कमी होईल इतका.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अडीच सेकंदांत ५६ मीटर गेले, ब्रेकमध्ये ७३ मीटर. एकूण साधारण १२८ मीटर. ताशी १०० ला पहिले ६९ आणि पुढचे ११३, मिळून १८३. ताशी १२० ला जवळपास २४७.

आता यातली गोष्ट बघा. दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, एक ८०ला, एक १००ला. दोघांना एकाच क्षणी समोर बंद पडलेला टेम्पो दिसला. ८०ची गाडी टेम्पोला टेकता टेकता थांबली. त्याच जागी १००ची गाडी किती वेगात असेल? मुलं म्हणतात, २०. उत्तर जवळजवळ ७० आहे. सुरुवातीचा फरक २०चा, टेम्पोपाशी फरक ७०चा. वेगाचा वर्ग होतो तो असा अंगावर येतो.

सगळे एकाच वेगाने जात असतील तर एकमेकांवर आदळणं कमी होईल, हे मान्य. पण टेम्पो, गुरं, खड्डा आणि माणूस यांचा वेग शून्य असतो. त्यांच्याशी फरक कायम पूर्ण वेगाएवढाच राहतो.

सहावा_गिअर

मास्तर, ७०चा आकडा खरंच माहीत नव्हता. वहीवर करून पाहिला, बरोबर येतो.

तरी माझा प्रश्न उरतो. सरळ भागात समोरचं ४०० मीटर दिसतं. दुभाजक सलग आहे, माणूस मध्ये यायची वाटच नाही. तिथे १८३ मीटरची गरज आणि ४०० मीटरची सोय. मग तिथे १०० का नको?

मैलदगड

तिथे १०० नको असं मी म्हणत नाही. पण ते १०० कशावरून आले, हे ठरलं पाहिजे. ४०० मीटर दिसतात, दुभाजक सलग आहे, बॅरियर आहेत, माणूस मध्ये येत नाही, म्हणून १००, हे मला पटतं. लोक आत्ताच १००ने जातात म्हणून १००, हे पटत नाही. आकडा तोच आला तरी फरक पडतो, कारण पुढच्या तुकड्यात हीच दोन कारणं वेगवेगळी उत्तरं देतात.

८५ पर्सेंटाइलची पद्धत, म्हणजे त्या ८५व्या गाडीच्या वेगावरून मर्यादा ठरवणं, अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिच्या मागे तुम्ही म्हणता तोच विश्वास होता, की बहुसंख्य चालकांची समज शहाणी असते. पण माणूस वेग ठरवतो तो रस्ता किती रुंद आणि मोकळा वाटतो त्यावरून. वळणापलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. शिवाय मर्यादा वाढवली की लोक आणखी थोडे वर जातात, पुढच्या मोजणीत ८५वी गाडी आणखी पुढे सरकलेली असते आणि आपण पाटी पुन्हा वर नेतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं, आणि २०२३च्या अखेरीस आलेल्या तिथल्या रस्त्यावरच्या चिन्हांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत या एकाच आकड्यावर विसंबू नका, रस्त्याची रचना, आजूबाजूची वस्ती, पादचारी, अपघातांचा इतिहास हे सगळं बघा, असं आलं.

सॉलोमन यांच्या अभ्यासाबद्दल. त्यात अपघातापूर्वीचा वेग बऱ्याच अंशी चालकांनी सांगितलेला किंवा अंदाजाने लिहिलेला होता. हळू जाणाऱ्यांत वळायला किंवा थांबायला वेग कमी केलेल्या गाड्याही धरल्या गेल्या. तो बिचारा वळण्यासाठी थांबला आणि मागून कुणी ठोकला, तर तो "हळू जाणारा" ठरला. पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठातल्या संशोधकांनी अपघातातल्या गाड्यांचे वेग घटनास्थळाच्या मोजमापांवरून काढले. ताशी ६०च्या रस्त्यांवर ६०च्या वर दर ५ किलोमीटरला माणूस जखमी होईल अशा अपघाताचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यांना दिसलं. हळू चालवणाऱ्यांचा धोका मात्र वाढलेला दिसला नाही.

फरकाचा मुद्दा पूर्ण खोटा आहे असं नाही. ट्रक ६०ला आणि कार १२०ला असेल तर ती मागून काही सेकंदांत अंगावर येते. म्हणून वाहनांच्या प्रकारानुसार मर्यादा लावताना ही दरी फार रुंद होऊ द्यायची नसते.

उत्तरवारा

मी बरीच वर्षं स्वीडनमध्ये आहे, म्हणून तिथलं लिहिते. या धाग्यावरचा प्रश्न मला उलटा विचारला जातो असं वाटतं. "किती वेगाने जाऊ देता येईल?" असं न विचारता स्वीडनमध्ये "या जागी सर्वात वाईट टक्कर कोणती होऊ शकते आणि त्यात माणूस वाचेल का?" असं विचारतात. १९९७ मध्ये इथल्या संसदेने 'व्हिजन झीरो' स्वीकारलं, तेव्हापासूनची ही विचारपद्धत.

त्यातून येणारे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. जिथे पायी माणसं आणि गाड्या एकत्र येतात, तिथे ३०. जिथे चौकात गाडीच्या बाजूवर दुसरी गाडी आदळू शकते, तिथे ५०. जिथे दुभाजक नाही आणि समोरासमोर टक्कर होऊ शकते, तिथे ७०. समोरची आणि बाजूची टक्कर रचनेनेच अशक्य केली असेल, तरच १०० आणि त्यावर. शरीराला जेवढं सोसतं त्यावरून हे आलं आहे.

म्हणून इथे लोकांना जास्त वेग हवा असेल तर वाद पाटीवर होत नाही, रस्त्यावर होतो. १९९८ पासून इथे तीन पदरी रस्त्यांवर मधोमध पोलादी दोरांचे दुभाजक घातले. एका बाजूला दोन लेन, दुसऱ्या बाजूला एक, आणि थोड्या थोड्या अंतराने ती अदलाबदल होते. समोरासमोरची टक्कर संपली, मग वेगही देता आला. पुढे देशभरातल्या मर्यादा नव्याने तपासून १०-१०च्या पायरीने लावल्या. काही ठिकाणी वाढल्या, कित्येक ठिकाणी उतरल्या.

मर्यादा वर्षभर एकच असली पाहिजे असंही नाही. शेजारी फिनलंडमध्ये हिवाळा लागला की बऱ्याच मोटरवेंवर १२०ची १०० होते. फ्रान्समध्ये मोटरवेवर १३०, पाऊस असेल तर ११०. नेदरलँड्समध्ये मार्च २०२० पासून दिवसा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मोटरवेवर १०० केली, आणि ती अपघातांसाठी नव्हतीच, हवेतल्या नायट्रोजन प्रदूषणासाठी होती.

चौदा_चाकी

मी २२ वर्षं गाडी चालवतो. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे कारबद्दल बोलताय. घाटाच्या उतारावर काय होतं ते मी सांगतो. भरलेली गाडी उताराला लागली की ती स्वतःच पळायला बघते. नवीन पोरगं टॉप गिअरमध्येच उतरवायला लागतं आणि ब्रेकवर पाय ठेवून बसतं. पहिल्या किलोमीटरला सगळं छान. दुसऱ्याला पेडल थोडं खाली जातं. तिसऱ्याला लाइनर जळाल्याचा वास येतो, आरशात मागच्या चाकातून धूर दिसतो. तोवर गिअर खाली घ्यायची वेळ गेलेली असते. त्या वेगात छोटा गिअर पडतच नाही, आणि न्यूट्रलला अडकला तर इंजिनही हातचं जातं.

माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये उतरू नकोस. आणि गिअर घाटाच्या तोंडाशीच टाकायचा, उतार लागल्यावर नाही.

म्हणून माझं म्हणणं. ट्रकची पाटी उतार सुरू झाल्यावर लावून काही उपयोग नाही. ती अलीकडे पाहिजे, जिथे गाडी बाजूला घेऊन ब्रेक तपासता येतील अशी जागा असेल. आणि त्यावर उतार किती किलोमीटरचा, किती टक्क्यांचा ते लिहा. पुढे सहा किलोमीटर आहेत हे माहीत असलं की माणूस घाई करत नाही. नवीन रस्त्यावर आलेल्याला वाटतं, संपला आता उतार, आणि वळणानंतर पुन्हा उतार.

आणखी एक. आम्ही ३०-४०ने उतरतो तेव्हा मागून कारवाले हॉर्न मारत कट मारून पुढे येतात आणि पुढे येऊन ब्रेक मारतात. त्यांचीही मर्यादा उतारावर खाली आणा. आमच्याकडे तिथे थांबायची ताकद उरलेली नसते.

गणितमास्तर

दादा, तुमच्या उस्तादाच्या नियमाला मी आकड्यांत बसवून पाहिलं. ४० टनांची गाडी, ६ टक्के उतार, ताशी ६०. गाडी दर सेकंदाला जेवढी उंची गमावते, तेवढी ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. ती भरते सुमारे ३९० किलोवॅट. २ किलोवॅटचे जवळपास २०० हीटर एकदम चालू असल्यासारखं. टायर आणि हवा थोडीशी खातात, उरलेलं इंजिन आणि ब्रेकने गिळायचं. ताशी ३०ने उतरलात तर तोच आकडा निम्म्यावर येतो, आणि छोट्या गिअरमध्ये इंजिनच त्यातला मोठा भाग रोखतं. ब्रेकचे ड्रम थंड राहतात ते म्हणून.

तेव्हा उतारावरच्या ट्रकची मर्यादा वळणाच्या त्रिज्येवरून काढून चालणार नाही. वळण ६० झेपवेल, ब्रेक झेपवणार नाहीत. घाटात कारसाठी वेगळा हिशोब आणि ट्रकसाठी वेगळा हिशोब करायला हवा.

मैलदगड

@चौदा_चाकी, पाटी उताराच्या अलीकडे आणि उताराची लांबी पाटीवर, हे दोन्ही मी तुमच्याच शब्दांत घालतो. माझ्या डोक्यात ते नव्हतं. मी पाटी उताराच्या सुरुवातीलाच दाखवली होती.

त्या ४०च्या पाटीचं वळण मी मोजलं आहे. त्रिज्या साधारण २५० मीटर, बाहेरची कड ७ टक्क्यांनी उचललेली. टायरच्या आडव्या पकडीचा नेहमीचा ०.१५चा आकडा धरला तर ते वळण सुमारे ८३ पर्यंत सुरक्षित येतं. पण आतल्या बाजूला डोंगर असल्याने नजर १०० मीटरही जात नाही. मास्तरांच्या हिशोबाने ताशी ६०ला थांबायला ८२ मीटर लागतात आणि ७०ला १०४. म्हणजे गाडी वळेल ८०ला, पण थांबेल ६०लाच. तिथे ६० ही खरी पाटी. ४०ची काढली आणि ६०ची लावली तर लोक तिच्यावर विश्वास ठेवतील असं मला वाटतं. डोंगराची कड थोडी कापून नजर मोकळी केली तर पुढे बदलता येईल.

अल्याडपल्याड

इतका वेळ नुसती वाचत होते. माझं घर अशाच एका महामार्गाच्या अल्याड आणि मी शिकवते ती शाळा पल्याड. म्हणून वस्तीच्या टप्प्याबद्दल लिहिते.

आमच्या इथे दुभाजक फोडलाय तिथून सगळे ओलांडतात. सकाळी मुलं, दुपारी डबे घेऊन जाणारे, संध्याकाळी बाजाराची माणसं. तिथे उभं राहिल्यावर उजवीकडे साधारण २०० मीटर दिसतं, त्यापलीकडे वळण आहे. रोज एक आजी ओलांडतात. काठी आधी दुभाजकाच्या कडेला टेकवतात, मग एक पाय खाली, मग दुसरा. त्यांना दोन लेन पार करायला मी रोज मनात मोजते, नऊ सेकंद लागतात. मला सहा.

मास्तरांचं वाचून मीही हिशोब केला, चुकला तर सांगा. गाडी ताशी १००ने आली तर २०० मीटर सव्वासात सेकंदांत. म्हणजे आजींनी पाऊल टाकलं तेव्हा रस्ता खरोखर रिकामा होता, त्यांनी नीट बघितलं होतं, त्यांची काहीच चूक नव्हती, तरी त्या पलीकडे पोचायच्या आत गाडी तिथे हजर. ८०ला बरोबर नऊ सेकंद. ६०ला बारा.

लोक म्हणतात, "बघून ओलांडत नाहीत." आजी बघूनच ओलांडतात हो. पाऊल टाकताना जी गाडी दिसतच नव्हती ती कशी बघायची?

गणितमास्तर

ताई, हिशोब अचूक आहे. आणि मी आजवर हा प्रश्न नेहमी स्टिअरिंगच्या मागून सोडवला होता. रस्त्याच्या कडेवरून कधीच सोडवला नाही.

सहावा_गिअर

@अल्याडपल्याड, ते सव्वासात सेकंद वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मी अशा वस्तीतून ९०ने जातो. ओलांडणाऱ्याला हॉर्न देतो आणि तो थांबतो, म्हणून मला वाटायचं सगळं ठीक आहे.

सहा किलोमीटर वस्ती धरली तर १००ला ३ मिनिटं ३६ सेकंद, ६०ला ६ मिनिटं. फरक अडीच मिनिटांपेक्षा कमी. सरळ भागात १०० मिळालं तर तेवढी सहज भरून निघतात. वस्तीला ६० मला मान्य आहे.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. तो रस्ता आज जसा आहे, रुंद, गुळगुळीत, तसाच ठेवून नुसती ६०ची पाटी लावलीत तर माझ्यासारखा शहाणपणाने चालवणारा माणूससुद्धा पहिले आठ दिवस ६०ने जाईल आणि नवव्या दिवशी ८५ला पोचलेला असेल. घाट उतरून आल्यावर ६० म्हणजे थांबल्यासारखं वाटतं. पायाला कळत नाही.

उत्तरवारा

@सहावा_गिअर, हे अगदी खरं आहे. खूप वेळ वेगात राहिलं की कमी वेग आहे त्यापेक्षाही कमी भासतो. म्हणून रस्त्याला स्वतःच बोलायला लावावं लागतं. वस्ती सुरू होण्याआधी लेन रंगाने अरुंद करणं, प्रवेशाशी दोन्ही बाजूंना ठळक खुणा, आडव्या उंचावलेल्या पट्ट्या, दुभाजकात ओलांडणाऱ्याला मध्ये सुरक्षित थांबायची जागा. आणि तिथे माणसं खरोखर ओलांडणारच असतील तर ६० सुद्धा शरीराला फार आहे. आमच्या इथे अशा जागी एकतर ३० करतील, नाहीतर पूल किंवा भुयारी वाट देतील.

सहावा_गिअर

पूल चढणार नाहीत आजी.

अल्याडपल्याड

नाहीच चढणार. आमच्या इथून थोड्या अंतरावर एक आहे. पायऱ्यांचा. तिथे कपडे वाळत घातलेले असतात. रस्ता वर न्या आणि आम्हाला खालून सपाट जाऊ द्या, हे आमचं वर्षानुवर्षांचं मागणं आहे.

घड्याळकाटा

अंमलबजावणीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एका जागी कॅमेरा लावला की लोक त्याच्या आधी ब्रेक मारतात आणि नंतर दाबतात. उतारावर ते जास्तच धोक्याचं. त्यापेक्षा टप्प्याच्या दोन टोकांना कॅमेरे, आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग. इटलीच्या मोटरवेंवर ही पद्धत बरीच वर्षं आहे. स्कॉटलंडमध्ये डनब्लेन ते इन्व्हर्नेस या ए-९ रस्त्यावर ऑक्टोबर २०१४ पासून आहे. तिथली एक गोष्ट इथे लागू पडते. कॅमेऱ्यांबरोबरच त्यांनी दुभाजक नसलेल्या, दुहेरी वाहतुकीच्या भागात जड ट्रकची मर्यादा ताशी ४० मैलांवरून ५० केली, म्हणजे ट्रकमागे खोळंबून वैतागलेल्या कारवाल्यांनी धोक्याने ओव्हरटेक करणं कमी व्हावं. एका हाताने आवळलं, दुसऱ्या हाताने सैल केलं.

घाटाच्या सहा किलोमीटरला हे चपखल बसेल. मध्ये फाटे नाहीत, आत शिरलेली गाडी दुसऱ्या टोकालाच निघणार.

मैलदगड

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून मसुदा पुन्हा लिहिला. जे लिहिलंय ते सांगतो, अजून दोन दिवस हातात आहेत.

सरळ, बॅरियर असलेल्या भागाला कारसाठी १००. कारण म्हणून "लोक त्याच वेगाने जातात" हे वाक्य खोडलं आणि ४०० मीटरची नजर, सलग दुभाजक, पादचारी नाहीत, हे लिहिलं. त्याखाली अट घातली: दुभाजक कुठेही फोडला गेला तर तिथली मर्यादा त्याच दिवशी खाली आली पाहिजे. ट्रकला ८०.

घाटाला कारसाठी ६०, ट्रकला ४०, पाट्या उताराच्या अलीकडे, थांबायच्या जागेसह, आणि दोन्ही टोकांना सरासरी वेगाचे कॅमेरे. जुनी ४०ची पाटी काढा हे वेगळं आणि ठळक लिहिलंय. १००वरून थेट ६०वर आणायचं नाही, मध्ये ८०चा एक तुकडा ठेवलाय. तोही फार आखूड नको, नाहीतर पाट्यांचं जंगल होतं आणि एकही वाचली जात नाही.

कायद्याची बाजू अनेकांनी व्यक्तिगत निरोपातून विचारली. देशाने ठरवलेला कमाल वेग ही वरची कड असते, टप्प्याची मर्यादा तिच्या आत ठरवता येते. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२व्या कलमात ही सोय आहे. केंद्राने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवर कारसाठी १२०ची वरची कड आखली, ती अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली. जर्मनीच्या ऑटोबानवर १३० हा फक्त सल्ल्याचा वेग आहे, पण तिथेही धोक्याच्या टप्प्यांवर बंधनकारक पाट्या असतातच. वरची कड कितीही असो, वळणावर हिशोब वळणाचाच चालतो.

वस्तीच्या टप्प्यावर अडकलोय. मी ६० लिहिलं होतं. ताईंचं वाचून खोडलं. आता असं लिहितो आहे की भुयारी सपाट वाट होईपर्यंत ओलांडण्याच्या प्रत्येक जागी ३०, आणि त्या जागांच्या मधल्या भागात ५०, लेन अरुंद करून आणि मध्ये थांबायची जागा देऊन. यावर मला हमखास विचारतील, "महामार्गावर ३०?" तेव्हा हातात काहीतरी लागेल. ताई, तुमच्यासारखी मोजणी आमच्या वस्तीतही करायला हवी. किती माणसं, किती वाजता, किती सेकंदांत. कशी करता सांगाल?

अल्याडपल्याड

मी सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन करेन तशी सांगते. दोघांच्या जोड्या. एकाने पाऊल डांबरावर पडल्यापासून दुभाजकावर चढेपर्यंतचे सेकंद मोजायचे, दुसऱ्याने लिहायचं: लहान, मोठं, म्हातारं, हातात ओझं आहे का, कडेवर मूल आहे का. आणि मध्येच थांबावं किंवा पळावं लागलं का, ही वेगळी खूण. माझ्या मते तीच सर्वात महत्त्वाची.

मैलदगड

पळावं लागलं का, हा रकाना मी कधीच ठेवला नव्हता. आजच घालतो.

मुलांना मात्र रस्त्याच्या कडेला उभं करू नका, शाळेच्या गच्चीवरून दिसत असेल तर तिथून मोजा. बाजाराचा एक दिवस आणि साधा एक दिवस, दोन्ही घ्या. सकाळी शाळेआधीचा एक तास आणि दिवे लागणीची वेळ चुकवू नका. आधी तुमच्याकडेच करून बघू. मी येऊन त्याच वेळांना खाली स्पीडगन लावतो, म्हणजे दोन्ही वह्या शेजारी ठेवता येतील.

अल्याडपल्याड

गच्चीवरून दिसतं. मंगळवारी बाजार असतो. सकाळी साडेसहाला या.